लोखंडी जहाजे आणि विज्ञान अकादमी
फौजेत होकायंत्र वापरायला शिकलो, तेव्हा पहिली ताकीद मिळाली: रायफल दूर ठेवा, लोखंडाने सुई फसते.

1863 साली अमेरिकेच्या नौदलापुढे हाच प्रश्न होता. यादवी युद्ध ऐन भरात होते. लोखंडी, चिलखती जहाजांवर होकायंत्रे चुकीची दिशा दाखवत होती. त्याच वर्षी 3 मार्चला लिंकन यांनी राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या कायद्यावर सही केली. संस्थापक सदस्य 50. सरकारी खात्याने विचारले की तपास करून अहवाल द्यायचा. खर्च मिळेल, मोबदला मिळणार नाही. अकादमीच्या समितीने होकायंत्राभोवती चुंबकपट्ट्या बसवून सुईतली चूक काढण्याचे काम केले.

मोबदला नाही, ही अट मला फार मोलाची वाटते. ज्याला काही मिळवायचे नसते, तोच सेनापतीला नावडते सत्य सांगू शकतो. पण युद्ध संपले आणि सरकारची विचारणा रोडावली. पुढे महायुद्धाच्या सावटाखाली 1916 साली अकादमीला संशोधन परिषद उभारावी लागली.

आपल्याकडेही 1935 पासून राष्ट्रीय विज्ञान अकादमी आहे. पूर, दुष्काळ, साथी यांत तिला वेळेवर विचारणे हे राज्यकर्त्यांचे काम आहे. संकट दारात आल्यावर नव्हे, आधी.

जय हिंद.