पडेल गाण्यांचं नाचघर

नॉर्दर्न सोल या उत्तर इंग्लंडमधल्या नाचगाण्याच्या चळवळीचं कूळ मँचेस्टरच्या ‘ट्विस्टेड व्हील’ क्लबात सापडतं. १९६३ साली सुरू झालेला हा क्लब शनिवारची अख्खी रात्र जागायचा. आठवडाभर कारखान्यात राबलेली पोरंपोरी तिथे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गायकांच्या वेगवान सोल गाण्यांवर नाचायची. साठचं दशक सरता सरता अमेरिकेत फंक संगीताची चलती झाली, लंडनची आवडही पालटली. उत्तर इंग्लंडला मात्र तो जुना धावता ठेकाच हवा होता. लंडनमध्ये सोलच्या तबकड्यांचं दुकान चालवणाऱ्या डेव्ह गॉडिन या पत्रकाराने उत्तरेकडच्या गिऱ्हाइकांची ही आवड ओळखली आणि तिला ‘नॉर्दर्न सोल’ हे नाव दिलं.

पण तशी नवी गाणी यायचीच बंद झाली होती. मग डीजे जुनी धुंडाळू लागले. अमेरिकेतल्या गोदामांत धूळ खात पडलेल्या, तिथे कुणी ढुंकूनही न पाहिलेल्या तबकड्या इंग्लंडला येऊ लागल्या. स्वतःच्या देशात आपटलेल्या गाण्याला परक्या गिरणगावात हजारो चाहते मिळावेत, याइतका सुंदर न्याय मला संगीताच्या इतिहासात क्वचितच दिसतो. एखादं दुर्मीळ गाणं हाती लागलं की डीजे लेबलावर कागद चिकटवायचे आणि गायकाचं खोटंच नाव सांगायचे. प्रतिस्पर्ध्याला माग लागू नये, एवढ्यासाठी.

२३ सप्टेंबर १९७३ला उत्तर इंग्लंडमधल्या विगन गावात ‘विगन कॅसिनो’ हे या गाण्यांचं नाचघर सुरू झालं. रात्री दोनला दार उघडायचं, नाच सकाळी आठपर्यंत. दारू मिळत नसे. जागरणासाठी उत्तेजक गोळ्या मात्र सर्रास चालत, आणि त्यापायी पोलिसांचा ससेमिराही असे. फरशी लाकडी. तिच्यावर टाल्कम पावडर भुरभुरायची, म्हणजे चामड्याच्या तळव्याचा बूट सरसर घसरतो. जोडीदार लागत नसे. जो तो एकटा गिरक्या घेई, पाठीवर पडून क्षणात उठे. घोळदार पँट, आणि पिशवीत टॉवेल व बदलायचा शर्ट.

रात्र संपवायची ठरलेली तीन गाणी होती. ६ डिसेंबर १९८१ला, कॅसिनोच्या शेवटच्या सकाळी, ती वाजली तरी लोक हलेनात. तेव्हा डीजे रस विन्स्टनलीने फ्रँक विल्सनचं ‘डू आय लव्ह यू’ लावलं. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीने १९६५मध्ये छापून बाजारात न आणलेलं हे गाणं. जवळपास सगळ्या प्रती नष्ट झालेल्या. उरलेल्यांपैकी एकीसाठी २००९मध्ये २५ हजारांहून अधिक पौंड मोजले गेले.