वल्हांडणाचीं पेयें

यहुद्यांच्या वल्हांडण सणांत द्राक्षांचें मद्य चालतें. इतकेंच नव्हे, तर आरंभींच्या भोजनांत त्याचे चार प्याले घेणें हें कर्तव्य मानलें आहे. पण बिअरचा थेंबही चालत नाहीं! हें प्रथम ऐकलें तेव्हां आम्हांस नवल वाटलें. खुलासा असा कीं, येथें निषेध मादकतेचा नसून आंबलेल्या धान्याचा आहे. मिसर देशाच्या दास्यांतून निघतांना कणीक फुगण्याइतकाही अवसर पूर्वजांस मिळाला नाहीं. त्याचें स्मरण म्हणून गहूं, जव इत्यादि पांच धान्यांचें आंबलेलें कांहींही या दिवसांत घरांत ठेवावयाचें नाहीं. आपल्या कोकणांतील बेने इस्राएल लोक सणावारीं आशीर्वादाच्या प्याल्यासाठीं मनुका भिजवून त्यांचें सरबत करीत आले. पेय असें डोळ्यांसमोर तयार झालें म्हणजे शंकेस जागा उरत नाहीं. शंका आली ती कारखान्यांतून.

कोका-कोलाचें जन्मस्थान अमेरिकेंतील अटलांटा शहर. तेथील रब्बी टोबायस गेफेन यांना दूरदूरचे धर्मबंधु विचारीत, हें पेय आम्हीं घ्यावें काय? कंपनीनें आपली कृति जिवापाड जपलेली. तरी गुप्ततेच्या अटीवर घटकांची यादी तिनें रब्बींस दाखविली. त्यांत दोन घटक अडले: जनावरांच्या चरबीचें ग्लिसरीन आणि धान्यापासून काढलेला मद्यार्क. दोन्हींचें प्रमाण अत्यल्प. चुकून पडलेला अंश साठपट पदार्थांत लोप पावतो असें धर्मशास्त्रच सांगतें. तेव्हां 'चालेल' म्हणून मोकळें होणें सोपें होतें. गेफेन यांनीं तें केलें नाहीं. जें जाणूनबुजून घातलें तें लोपलें कसें म्हणावें? आणि वल्हांडणांत तर लेशही वर्ज्य. दुसरीकडे, बहुतेक यहुदी हें पेय सोडणार नाहींत हेंही ते पुरतें ओळखून होते. शेवटीं बदलली ती कंपनी: ग्लिसरीन सरकी व खोबऱ्याच्या तेलापासून, आणि सणापुरता मद्यार्क ऊस व बीट यांच्या साखरेपासून. १९३५ सालीं अनुज्ञा मिळाली. निर्णय लिहितांना रब्बींनीं त्या घटकांस टोपणनांवें दिलीं. गुपित फुटलें नाहीं.

१९८० नंतरच्या दशकांत साखरेच्या जागीं मक्याचा पाक आला. मका त्या पांच धान्यांत नाहीं, परंतु युरोपांतून आलेल्या अश्केनाझी यहुद्यांच्या रूढीनें तोही या सणांत वर्ज्य. म्हणून सणाच्या सुमारास अमेरिकेंत साखरेच्या कोका-कोलाच्या पिवळ्या झांकणाच्या बाटल्या निघतात. आणि केवळ जुन्या चवीसाठीं त्या हुडकीत फिरणारांत यहुदी नसलेलेही पुष्कळ असतात.