आधी फॉरमॅट नको

पेनड्राइव्ह लावला, आत काहीच दिसले नाही, की बिरसाच्या बाजारात निकाल एका वाक्यात लागतो : ‘व्हायरसने फाइली खाल्ल्या, आता फॉरमॅट मारावा लागेल.’ बैहरला जा, बालाघाटला जा, सीमा ओलांडून गोंदियाला जा, निकाल तोच. तो देणाऱ्यांविषयी मला आदर आहे. ऑनलाइन फॉर्म, खसऱ्याची नक्कल, समग्र आयडीची दुरुस्ती, फोटोप्रिंट हे सगळे एका संगणकावर उरकणाऱ्या या मंडळींमुळेच इथल्या लोकांची कामे अडत नाहीत. पण निकाल चुकीचा आहे, आणि त्याची भरपाई कुणाच्या तरी लग्नाचे फोटो करतात.

पूर्वपक्ष आधी नीट मांडू. फॉरमॅट केल्यावर पेनड्राइव्ह चालू लागतो, हे खरे. त्यातला व्हायरस जातो, हेही खरे. दुकानात रांग असते, वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो, आणि दोन-चारशेच्या वस्तूवर तासभर घालवणे परवडत नाही. शिवाय कधीकधी संगणक स्वतःच ‘ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा’ असे सांगतो. यंत्रच साक्ष देत असताना दुकानदाराने वेगळे काय करावे?

आता उत्तरपक्ष.

‘खाल्ल्या’ या आरोपाचा पुरावा काय? पेनड्राइव्हच्या चिन्हावर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. खिडकी रिकामी दिसते आहे, पण वापरलेली जागा अकरा जीबी दाखवते आहे. मग ते अकरा जीबी कुणाचे? खाल्लेल्या फाइलींनी जागा अडवून ठेवली असेल, असे म्हणायचे आहे का?

खरा प्रकार असा. फॅट३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर प्रत्येक फाइलची नोंद ३२ बाइटच्या चौकटीत असते. पहिल्या ११ बाइटमध्ये नाव, आणि त्यानंतरच्या एका बाइटमध्ये फाइलचा दर्जा : ती लपवलेली आहे का, सिस्टिमची आहे का. शॉर्टकट व्हायरस म्हणून आपण ज्याला ओळखतो तो या एका बाइटला हात लावतो आणि फाइलीवर ‘लपलेली’ व ‘सिस्टिमची’ असे दोन्ही शिक्के मारतो. मग त्याच नावाचा शॉर्टकट दर्शनी ठेवतो. तुम्ही त्यावर क्लिक करता, तेव्हा मूळ फोल्डरही उघडतो आणि पाठोपाठ व्हायरसही चालू होतो. म्हणून कित्येक दिवस कुणाला पत्ता लागत नाही. गामारू या कुळातले काही प्रकार सगळा माल एका कोऱ्या नावाच्या फोल्डरात सरकवतात. नाव कोरे, म्हणून फोल्डर नजरेतून सुटतो. फोटोंचा एक कणही इथे नष्ट झालेला नाही.

यावर काही जाणकार म्हणतील, ‘लपलेल्या फाइली दाखवा हा पर्याय आम्ही लावून पाहिला, तरी काही दिसले नाही.’ अर्थात दिसणार नाही. शिक्के दोन आहेत आणि तुम्ही एकाचाच विचार केला. विंडोजमध्ये ‘संरक्षित सिस्टिम फाइली लपवा’ ही वेगळी खूण असते. तीही काढावी लागते. सिस्टिमचा शिक्का असेपर्यंत प्रॉपर्टीजमधला ‘लपलेली’चा चौकोनही राखाडीच राहतो, हलत नाही. म्हणून अ‍ॅट्रिब या आज्ञेत वजा-एच आणि वजा-एस एकदम द्यावे लागतात, सोबत आतल्या फाइलींसाठी स्लॅश-एस आणि फोल्डरांसाठी स्लॅश-डी. नुसते वजा-एच दिले तर संगणक सिस्टिम फाइलला हात लावायला नकार देतो. अर्धा उपाय करून रोग असाध्य ठरवणे, याला निदान म्हणत नाहीत.

‘मग अँटीव्हायरस कशासाठी?’ व्हायरस काढण्यासाठी. त्याने मारलेले शिक्के पुसण्याचे काम बरेचदा तो करत नाही. स्कॅन ‘स्वच्छ’ आला आणि पेनड्राइव्ह तरीही रिकामा दिसला, तर त्यातून फाइली गेल्या हे सिद्ध होत नाही. आणि ज्या संगणकावर रोज अनोळखी पेनड्राइव्ह लागतात, तोच आधी तपासायला हवा. पेनड्राइव्ह लावताच आतला प्रोग्राम आपोआप चालवणाऱ्या ऑटोरनमधूनही पसरणारा कॉन्फिकर व्हायरस २००८ मध्ये आला, मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजमधला ऑटोरन २०११ मध्ये आवरला. पण शॉर्टकटवर क्लिक आपणच करतो, ती कोण आवरणार?

राहिला सर्वांत वजनदार साक्षीदार, म्हणजे ‘फॉरमॅट करा’ असे सांगणारा संगणक. त्या संदेशाचा अर्थ इतकाच की विंडोजला सुरुवातीची नोंद वाचता आली नाही. फॅट३२ ने हा धोका आधीच ओळखला आहे. त्यात फाइलींच्या साखळीचा तक्ता सहसा दोन प्रतींत असतो आणि बूट सेक्टरची राखीव प्रत बहुधा सहाव्या सेक्टरवर. टेस्टडिस्क हे मोफत साधन ती राखीव प्रत शोधून परत बसवू शकते. मुखपृष्ठ फाटले म्हणून पोथी चुलीत घालण्याचा सल्ला देणाऱ्या साक्षीदाराला किती मान द्यायचा, हे वाचकांनीच ठरवावे.

फॉरमॅटही एकाच जातीचे नसते. क्विक फॉरमॅट तक्ता आणि वरची यादी कोरी करते; मजकूर जागेवरच राहतो. पूर्ण फॉरमॅट मात्र विंडोज व्हिस्टापासून सगळीकडे शून्ये लिहिते. तिथून काही परत येत नाही. डिलीट केलेल्या फाइलचे मात्र क्विक फॉरमॅटसारखेच : नावाचे पहिले अक्षर बदलले जाते आणि जागा मोकळी जाहीर होते, एवढेच. फोटोरेक हे साधन जेपेगच्या आरंभखुणा ओळखून असे फोटो बाहेर काढते. नावे मिळत नाहीत आणि तुकड्यांत विखुरलेल्या फाइली हातून जातात, पण नवरी-नवरदेव मिळतात. अट एकच, त्या पेनड्राइव्हवर नवे काही लिहिलेले नसावे. आपल्याकडे नेमके उलटे होते. फॉरमॅट झाल्या झाल्या ‘चालतो का बघू’ म्हणून त्यात बोलेरोसाठी गाणी भरून दिली जातात. फोटो मरतात ते या गाण्यांखाली. बदनाम व्हायरस होतो.

प्रतिपक्षाच्या बाजूने एक मुद्दा मी मान्य करतो. सगळेच परत मिळते, हा दावाही खोटा आहे. स्वस्तात मिळालेला ५१२ जीबीचा पेनड्राइव्ह प्रत्यक्षात ८ जीबीचा निघतो. त्यावर फाइलींची नावे दिसतात आणि आत काहीच नसते, कारण यादी सुरुवातीला लिहिली जाते आणि पुढच्या मजकुराला चिपमध्ये जागाच नसते. एच-टू-टेस्ट-डब्ल्यू हे साधन ही फसवणूक उघडी पाडते. फोनमध्ये ‘अंतर्गत स्टोरेज’ म्हणून जोडलेले मेमरी कार्डही असेच : अँड्रॉइड ते कूटबद्ध करतो, त्यामुळे दुसऱ्या यंत्राला ते वाचता येत नाही. ते पुन्हा त्याच फोनमध्ये घाला. पण या दोन्ही ठिकाणीसुद्धा फॉरमॅट हा उपाय कसा ठरतो?

दुकानदाराची वेळेची अडचण खरी आहे, म्हणून मागणी छोटी करतो. वापरलेली जागा पाहायला अर्धा मिनिट लागतो, शिक्के काढायची आज्ञा द्यायला आणखी एखादा. तेवढे करून काही निघाले नाही, तर पेनड्राइव्ह काहीही न लिहिता गिऱ्हाइकाला परत द्या. आणि गिऱ्हाइकांनो, काउंटरवर तो ठेवतानाच सांगा : मला विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नका.