मेणवलीची घंटा

रविवारी सकाळी एनस्खेडेच्या आउडे मार्क्टवर चर्चची घंटा वाजू लागली, की माझे मन थेट कृष्णाकाठी जाते. मी पेशाने सॉफ्टवेअरवाला, इतिहासकार नव्हे. पण आजोळ वाईचे, त्यामुळे जवळच्या मेणवलीच्या घाटावरची थोरली घंटा आजोबांचे बोट धरून कितीदा तरी पाहिलेली. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि १७०७ हे साल.

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई घेतली. त्या मोहिमेत मिळालेल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून घाटावर आल्या आणि देवांना वाहिल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा १७२१ ची, भीमाशंकरची १७२९ ची.

चर्चची घंटा उंच मनोऱ्यात झुलते, वाजवणारा दिसत नाही; ती गावाला बोलावते. देवळातली घंटा आपण स्वतः वाजवतो आणि देवाला आल्याची वर्दी देतो. वसईच्या घंटांचे कामच असे बदलले.

नाद मात्र तोच राहिला. त्याचे मर्म मला इथे कळले. आपल्यापासून तासाभराच्या वाटेवर झुटफेन आहे. तिथे १६४४ साली हेमोनी बंधूंनी, याकोब फान आइक या अंध वादकाच्या सल्ल्याने, नेमक्या सुरात लावलेला पहिला घंटासंच बसवला. घंटेच्या एका ठोक्यात अनेक स्वर असतात; आतला धातू खरवडून ते जुळवतात. त्यांत एक कोमल गंधार असतो. म्हणून ही घंटा जरा उदास वाटते.

हे सारे मुलीला सांगितले, तर ती म्हणाली, "बाबा, म्हणजे ती घंटा लुटलेलीच ना?"

"हो, लुटलेलीच," मी कबूल केले. मग म्हटले, "पण दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी याच देशातल्या हजारो घंटा वितळवायला नेल्या. कित्येक परत आल्याच नाहीत. आपल्याकडे निदान घंटा वाजती राहिली, तिच्यावरची मेरीसुद्धा कुणी घासून काढली नाही."

"पण वसईच्या लोकांना ती ऐकू येत नाही."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. वसईचे ख्रिस्ती लोक घरी आपल्यासारखीच मराठी बोलतात, हे तिला अजून सांगायचे आहे. पुढच्या सुट्टीत वाईला जाऊच, पण आधी वसईला.