जालन्याचे विस्मृत मनोरुग्णालय आणि सुपातले धान्य

१/ राजूरचा गणपती साडेतीन पीठांपैकी पूर्ण पीठ मानला जातो. अंगारकीला ही टेकडी माणसांनी फुलून जाते. मात्र येथून पंचवीसेक किलोमीटरवर, जालन्यात, एकेकाळी निजाम राज्याचे मनोरुग्णालय होते, हे मराठवाड्यातही फार थोड्यांना ठाऊक असते.

२/ हैदराबादमध्ये तुरुंगाच्या आश्रयाने सुरू झालेली ही संस्था पुढे जालन्याला हलवली गेली. त्या काळी अशा इस्पितळांचे मुख्य काम राखण करण्याचे होते. रुग्णाची बुद्धी पुन्हा कामाला लावता येईल, असे फारसे कोणी मानत नव्हते.

३/ या निराशेला शास्त्राचाही आधार होता. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन याने या आजाराला दिलेल्या नावाचा अर्थच होता ‘अकाली बुद्धिऱ्हास’. नाव कसले, निकालच तो! १९०८ साली स्वित्झर्लंडच्या ऑयगेन ब्लॉयलरने ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द दिला. मराठीत आपण त्याला छिन्नमनस्कता म्हणतो.

४/ १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिनचा प्रभाव दिसून आला. रुग्णांना ऐकू येणारे आवाज शमू लागले, संशय ओसरू लागला. पुढच्याच वर्षी जालन्याचे मनोरुग्णालय हैदराबादच्या एर्रागड्डा येथे गेले. औषध हाती येण्याच्या सुमारास मराठवाड्याची संस्था गेली. पुढे महाराष्ट्राची प्रादेशिक मनोरुग्णालये पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी या चार ठिकाणी राहिली. मराठवाड्याच्या वाट्याला एकही नाही.

५/ औषधाने एक गोष्ट मात्र साधेना. आवाज थांबले तरी अवधान, स्मरण आणि कामाची आखणी पूर्ववत होत नव्हती. बाजारात गेलेला तरुण काय आणायचे हेच विसरे, आणि घरचे त्याला आळशी ठरवत. आजाराच्या या बाजूने किती संसार मोडले, याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही.

६/ पहिल्या महायुद्धात मेंदूला इजा झालेल्या सैनिकांना कुर्ट गोल्डश्टाइनने जर्मनीत पुन्हा शिकवले होते. हाच विचार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मनोविकारांकडे वळला. लंडनमध्ये टिल वाइक्स यांनी कागद-पेन्सिलीच्या सरावांतून त्याला पद्धतशीर रूप दिले.

७/ आणि बंगळुरूच्या निम्हान्समध्ये त्याला भारतीय घर मिळाले. शांतला हेगडे व सहकाऱ्यांनी पहिल्यांदाच आजारी पडलेल्या रुग्णांना नेहमीच्या उपचारांच्या जोडीला घरीच सराव दिला. हा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. निम्हान्सच्या सरावांतला एक आहे धान्य निवडण्याचा! मिसळलेले दाणे वेगळे करायचे. हात चालतो, पण खरे काम अवधानाचे. हवा तो दाणा टिपायचा, नको त्यावरून नजर काढायची, आणि मन भरकटले की परत आणायचे. साधा सराव जमला की अवघड द्यायचा. आपल्या आज्या सूप घेऊन ओट्यावर हेच तर करीत आल्या.

८/ अर्थात हा औषधाचा पर्याय नव्हे. गोळ्या बंद करून दाणे निवडत बसणे घातक ठरेल. वाइक्स यांनी २०११ साली ४० अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा असे दिसले की सरावाला पुनर्वसनाची जोड मिळाली तरच रोजच्या जगण्यात ठळक फरक पडतो. म्हणजे दाण्यांनंतर दुकानाचा हिशेब, दुधाचे माप, बसचे वेळापत्रक.

९/ जालन्यात नवे प्रादेशिक मनोरुग्णालय उभारण्यास राज्य शासनाने मंजुरी दिली आहे. ते उभे राहील तेव्हा त्यात खाटांइतकीच गरज असेल ती राजूरसारख्या गावांतल्या घरी जाऊन हा सराव आई-वडिलांना शिकवणाऱ्या माणसांची. सूप आणि धान्य त्या घरात आधीच आहे.