मुंबईचे उंदीर आणि मिरजेची शस्त्रक्रिया

डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उभारले, तेव्हापासून सातारा-सांगलीच्या मुलखात अवघड दुखणे म्हटले की मिरजेची वाट धरायची रीत पडत गेली. गाठ दिसली की कापून काढावी, हे शस्त्रक्रियेचे साधे गणित. स्तनाच्या कर्करोगात ते अर्धेच जुळते. बाई दगावते ती बहुतेक वेळा फुप्फुस, यकृत किंवा हाडांत जाऊन रुजलेल्या पेशींमुळे. हा प्रसार डोळ्यांआड होतो, आणि तो टप्प्याटप्प्याने पाहायला उंदीर लागले. पण उंदराकडून घ्यायची ती शंका, निकाल नव्हे.

मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात पुण्याच्या कमल रणदिवे यांनी उंदरांवर काम करून स्तनाचा कर्करोग, आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा संबंध तपासला. त्याआधी १९३६ साली अमेरिकेत जॉन बिटनर यांनी दाखवले होते की उंदरांत हा रोग आईच्या दुधातूनही पिलांकडे जातो. इथे आक्षेप रास्त आहे: बाईचा रोग असा दुधातून येत नाही, उलट अंगावर पाजल्याने तिचा धोका थोडा कमीच होतो, मग या उंदरांचा उपयोग काय? कारण निराळे असले, तरी मूळ गाठीतून सुटणे, रक्तात तगणे आणि परक्या अवयवात रुजणे ही वाट दोघांतही ओळखता येते. बिटनरचा दुधाचा निष्कर्ष जसाच्या तसा बाईला लावला असता, तर मात्र अनर्थच झाला असता.

१९७९ साली बर्नार्ड फिशर यांच्या गटाला असे आढळले की उंदराची एक गाठ काढली की दूरच्या गाठीतल्या पेशींचे विभाजन वाढते. रोग आधीच पसरलेल्या बाईची स्तनातली गाठ काढावी का, हा प्रश्न त्यामुळे टोकदार झाला. नंतर तपासलेल्या रुग्णनोंदींवरून मात्र शस्त्रक्रिया झालेल्या बायका जास्त जगतात असे दिसे. त्या नोंदींत मुळात धडधाकट बायकाच शस्त्रक्रियेसाठी निवडल्या गेल्या असाव्यात, हा संशय रास्त होता. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात राजेंद्र बडवे यांच्या गटाने ३५० स्त्रियांवर चाचणी घेऊन २०१५ साली उत्तर दिले: आयुष्य वाढले नाही, आणि शस्त्रक्रिया झालेल्यांत दूरचा रोग लवकर बळावला. या स्त्रियांना आजची लक्ष्यवेधी औषधे क्वचितच मिळाली, हा आक्षेप खरा आहे. पण २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीतही शस्त्रक्रियेने आयुष्य वाढले नाही. म्हणून आज कराड-मिरजेत पसरलेला रोग घेऊन आलेल्या बाईला सहसा आधी औषधे देणे योग्य. गाठ फुटून वाहू लागली, तर शस्त्रक्रियेचा विचार.