कालेवाला ते दशावतार: हेवी मेटल आणि लोकस्मृती

१/ १८२८ साली एलियास ल्योनरोट हा वैद्यकशास्त्राचा अभ्यासक पूर्व फिनलंडमधील खेडी पायी हिंडू लागला. जुन्याजाणत्यांच्या तोंडची गाणी तो उतरवून घेत असे. त्यांतून १८३५ साली ‘कालेवाला’ हे महाकाव्य सिद्ध झाले. १८४९ ची वाढीव आवृत्ती आज प्रमाण मानतात. घरोघर फिरून स्त्रियांच्या ओव्या गोळा करणारे साने गुरुजी आठवावेत, असेच हे कार्य.

२/ तेव्हा फिनलंड रशियन झारच्या अंमलाखाली होता आणि सुशिक्षितांची भाषा स्वीडिश होती. शेतकऱ्यांच्या बोलीत महाकाव्य आहे, हा शोध राष्ट्रजागृतीचा पाया ठरला. सिबेलियसने १८९२ साली ‘कुल्लेर्वो’साठी याच काव्यातील कथा घेतली. १९१७ साली देश स्वतंत्र झाला.

३/ १९९० साली हेलसिंकीत ‘अमॉर्फिस’ हा मेटल बँड स्थापन झाला. १९९४ च्या ‘टेल्स फ्रॉम द थाउजंड लेक्स’ या अल्बमचे शब्द ‘कालेवाला’तून आले होते, तेही इंग्रजी भाषांतरातून. खर्जातला घोगरा गर्जनस्वर, जड गिटार आणि त्यांवर तरंगणाऱ्या लोकगीतासारख्या उदास सुरावटी, ही त्याची ओळख. १९९६ च्या ‘एलेजी’साठी त्यांनी ल्योनरोटचाच ‘कांतेलेतार’ हा गीतसंग्रह घेतला.

४/ आता मुंबई. धोबी तलावाजवळचे रंगभवन हे खुले नाट्यगृह. १९७८ साली येथे पहिली ‘जॅझ यात्रा’ भरली. १९८६ साली ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सव सुरू झाला आणि पुढे रंगभवन हेच त्याचे घर झाले. स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास, ऐन पावसाळ्यात, येथे देशी बँड वाजत.

५/ १९९२ साली हार्बर मार्गाची लोकल खाडी ओलांडून वाशीला पोहोचली. सिडकोने वसवलेल्या नव्या शहरातील तरुणांना आता एकाच गाडीने दक्षिण मुंबई गाठता येऊ लागली. एका कॅसेटवरून दुसरीवर उतरवलेली गाणी हातोहात फिरण्याचा तो काळ. ध्वनिमुद्रण घरी एकट्याने ऐकता येई. आपल्यासारखे आणखी शेकडो जण आहेत, हे मात्र रंगभवनातच कळे.

६/ २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्रात आणले. महाविद्यालय आणि रुग्णालयांच्या शेजारी असलेल्या रंगभवनातील मैफली थांबल्या. रुग्णाचा विश्रांतीचा हक्क निर्विवाद. परंतु परवडणारे, मध्यवर्ती, खुले असे पर्यायी रंगमंच शहराने उभारले नाहीत, हे खरे नुकसान.

७/ त्याच २००० साली मुंबईत साहिल मखिजा यांचा ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ हा बँड सुरू झाला. २०१० साली तो नॉर्वेतील ‘इन्फर्नो’ महोत्सवात वाजला. २०१७ साली त्यांचा ‘दशावतार’ आला: मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार, दहा गाणी, जड गिटारच्या जोडीला भारतीय वाद्ये.

८/ ‘हे संगीत परके’ हा आक्षेप जुनाच. पण मेटल फिनलंडचेही नव्हते. ते इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या कारखानदारी वस्त्यांतून आले. अमॉर्फिसने त्यात आपल्या आजोबा-पणजोबांच्या कथा ओतल्या. दशावतारी नाटकाने कोकणात रात्री जागवल्या. तेच अवतार विजेच्या गिटारवर आले, तर परंपरेचे काय बिघडते?

९/ फरक आहे तो जागेचा. हेलसिंकीत १९९८ पासून ‘तुस्का’ हा मेटल महोत्सव भरतो. इकडे वांद्रे-कुर्ला संकुलात २००८ साली आयर्न मेडन वाजले, नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये २०१९ साली यू-टू आणि २०२५ साली कोल्डप्ले. पाहुण्यांना मैदाने मिळाली. पण नवख्या बँडला स्टेडियम नको असते. दोन-चारशे श्रोते मावतील असा रंगमंच हवा असतो.

१०/ ल्योनरोट गायकांच्या दारी गेला म्हणून गाणी टिकली. पण ती मुळात जन्मली, कारण एकाने गावे आणि इतरांनी ऐकावे अशी जागा प्रत्येक खेड्यात होती. ध्वनिमुद्रण स्मृती जपते. नवी स्मृती मात्र माणसे एकत्र जमतात तिथेच घडते. रंगभवनाचा इतिहास म्हणूनच केवळ एका बंद पडलेल्या नाट्यगृहाचा इतिहास नव्हे.